एकेरी मार्ग आणि दोन गाड्या

काही शब्द मोठे चिवट असतात. ज्या वस्तूवरून ते आले ती वस्तू नाहीशी होते, शब्द मात्र बोलण्यात राहतो. "सिग्नल पडला" हा त्यांतलाच. आज बहुतेक स्टेशनांवर तांबडे-हिरवे दिवे असतात आणि दिवा काही पडत नाही. पण पूर्वी उंच खांबावर एक लांबट तांबडा हात असे. तो आडवा असला की गाडीनं थांबायचं, आणि खाली झुकला की निघायचं. फलाटावर वळकट्यांशेजारी बसलेली मंडळी एकमेकांना सांगत, "उठा आता, सिग्नल पडला."

वाचकहो, त्या हाताच्या खांबाला सेमाफोर म्हणतात. खूण वाहून आणणारा, असा या मूळच्या ग्रीक शब्दांचा अर्थ. आता गंमत अशी की हाच शब्द आज गणकयंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या, पोटात जाऊन बसला आहे. तुमच्या खिशातला मोबाइल घ्या. त्यात एकाच वेळी कितीतरी कामं चाललेली असतात आणि त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून आत सारखे सिग्नल पडत आणि उठत असतात. हे सिग्नल डोळ्यांना दिसत नाहीत. रेल्वेच्या खांबावरचा हा शब्द तिथवर कसा पोचला, ती हकीकत सांगायची आहे. वरवर ती यंत्रांची आहे, पण तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. दोघांना एकच वस्तू हवी असली, आणि दोघंही एकमेकांना पाहू शकत नसले, तर ती कुणाला मिळावी हे कसं ठरवायचं?

खांबावर हात लावून निरोप धाडण्याची युक्ती रेल्वेच्याही आधीची. फ्रान्समध्ये क्लोद शाप यांनी पॅरिसपासून लीलपर्यंत मनोऱ्यांची रांग उभी केली आणि १७९४ पासून तिच्यावरून निरोप जाऊ लागले. हे हात आगगाडीसाठी १८४० नंतरच्या एकदोन वर्षांत इंग्लंडमध्ये आले. पण माझ्या मते रेल्वेवाल्यांना खरा धडा मिळाला तो या हातांपासून नव्हे, तर एकेरी मार्गापासून.

एकेरी मार्ग म्हणजे रूळांची एकच जोडी आणि तिच्यावरून जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही गाड्या. मध्ये बाजूला व्हायला जागा नाही. १० सप्टेंबर १८७४ ची रात्र. इंग्लंडच्या पूर्व भागातलं नॉर्विच, आणि तिथून सुमारे सहा मैलांवरचं ब्रंडल. लंडनहून येऊन यार्मथकडे जाणारी एक्स्प्रेस नॉर्विचला उशिरा येणार होती. नेमाप्रमाणे यार्मथकडून येणाऱ्या टपालगाडीनं ब्रंडलला थांबून एक्स्प्रेसला वाट द्यायची. पण एक्स्प्रेस उशिराच येते आहे, तर टपालगाडीला कशाला तिष्ठत ठेवा, असा विचार नॉर्विचच्या निरीक्षकानं केला. टपालगाडी सोडून द्या अशी ब्रंडलला तार करायला त्यानं तारमास्तराला सांगितलं. अशी तार सहीशिवाय पाठवायची नाही असा नियम होता. निरीक्षक सही न करताच निघून गेला, आणि तारमास्तरानं तार पाठवून दिली.

थोड्याच वेळात एक्स्प्रेस आली. सही झाली नाही, अर्थात तार गेली नसणार, अशा समजुतीत तिला वाट मोकळी करून देण्यात आली. मग घोटाळा ध्यानात आला. टपालगाडीला अडवा म्हणून धावतपळत दुसरी तार केली. ब्रंडलहून उत्तर आलं, की टपालगाडी सुटली.

नंतरची काही मिनिटं त्या तारघरातल्या माणसांनी कशी काढली असतील याची कल्पनाच करवत नाही. दोन्ही गाड्या चाललेल्या, समोरासमोर, आणि कुणाच्याही हातात काही नाही. थॉर्पजवळ त्यांची टक्कर झाली. पंचवीस माणसं दगावली.

या प्रसंगाकडे नीट पाहा. मार्ग मोकळा आहे की नाही हे पाहायला कुणी विसरलं नव्हतं. ज्यानं त्यानं पाहिलं तेव्हा तो मोकळाच होता. घात झाला तो पाहणं आणि घेणं यांच्या मधल्या फटीत. "मोकळा आहे ना? मग मी जातो," असं एकानं म्हणायचं आणि तेवढ्यात दुसऱ्यानंही नेमकं तेच म्हणायचं. फट अर्ध्या मिनिटाची असो की दहा मिनिटांची, ती आहे तोवर टक्कर कधी ना कधी ठरलेली.

त्याआधीही काही मार्गांवर एक साधा उपाय होता, तो म्हणजे काठी. एका टापूला एक काठी आणि ज्या ड्रायव्हरच्या हातात ती असेल त्यानंच त्या टापूत शिरायचं. उपाय बिनचूक, पण अडचणीचा. एकाच दिशेनं लागोपाठ दोन गाड्या जायच्या असल्या की काठी पलीकडे आणि दुसरी गाडी अलीकडे खोळंबलेली. एडवर्ड टायर यांनी १८७८ साली यावर तोड काढली. मार्गाच्या दोन टोकांना दोन यंत्रं बसवायची आणि ती विजेच्या तारेनं जोडायची. प्रत्येकात धातूच्या बऱ्याच चकत्या. पण एका यंत्रातून एक चकती बाहेर काढली की दोन्ही यंत्रं तत्क्षणी बंद. ती चकती या ना त्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरी निघायचीच नाही. चकती काढणं हेच पाहणं आणि काढणं हेच घेणं. फट अशी उरलीच नाही.

आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं नील यांच्या टोकनयंत्राचा पुष्कळ वापर झाला. त्यातून चकतीऐवजी धातूचा गोळा निघे. तो कातडी पिशवीत घालायचा, पिशवीला मोठं कडं, आणि गाडी न थांबता जाणार असली की फायरमननं वाकून, हात बाहेर काढून ते कडं अडकवून घ्यायचं. लहान स्टेशनावर उभं राहून हा सोहळा पाहणं ही पोरांची मोठीच करमणूक असे. त्या गोळ्यावाचून गाडी पुढे हलायची नाही, मग सिग्नल पडलेला असो की नसो.

आता रूळ सोडून जरा दूर जाऊ. १९५० नंतरची पाचसहा वर्षं उलटली आहेत. हॉलंडमधल्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणितकेंद्रात एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण संगणकासाठी आज्ञावल्या लिहीत असे. हा धंदा इतका नवा की १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा लिहिला, तर नगरपालिकेनं तो मानलाच नाही. असला काही व्यवसाय नसतो म्हणे! शेवटी पदार्थवैज्ञानिक असं लिहून लग्न उरकावं लागलं.

त्या काळचं यंत्र आकडेमोड झपाट्यानं करी, पण त्याला जोडलेला टंकयंत्रासारखा सरंजाम कमालीचा मंद. एक अक्षर उमटेपर्यंत यंत्रानं हात जोडून बसायचं म्हणजे वेळेची नासाडी. म्हणून एलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रात अशी सोय केली की यंत्रानं आपलं दुसरं काम करत राहावं, आणि टंकयंत्र मोकळं झालं की त्यानं मध्येच हाक मारावी. साहेब लिहीत बसले असताना शिपायानं येऊन खांद्यावर थाप मारावी, तसं. सोय चांगली, पण थाप नेमकी कोणत्या शब्दावर पडेल याचा नेम नाही. त्यामुळे ज्या चुका होत त्या एकदा होत आणि पुन्हा दाखव म्हटलं तर दाखवता येत नसत. डाइक्स्ट्रांना याचीच धास्ती वाटे, आणि मला वाटतं ते फार योग्य होतं. रोज होणारी चूक माणूस दुरुस्त करतो. सहा महिन्यांनी एकदा होणारी चूक मात्र दबा धरून बसलेली असते.

चूक कशी होते ते पतपेढीच्या उदाहरणानं पाहा. खतावणीत गणपतरावांच्या नावे ५०० रुपये आहेत. एका खिडकीवर त्यांचा मुलगा १०० रुपये भरतो, त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवर ते स्वतः ५० काढतात. पहिला कारकून खतावणीत ५०० पाहून जातो. दुसराही ५००च पाहून जातो. पहिला येऊन ६०० लिहितो. मागाहून दुसरा येतो आणि ते खोडून ४५० लिहितो. दोघांचीही बेरीज-वजाबाकी बरोबर, दोघेही प्रामाणिक, आणि गणपतरावांचे १०० रुपये बुडाले. नॉर्विचची फट ती हीच. संगणकात चाललेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात, आणि अशा दोन प्रोसेसना एकच सामाईक जागा वापरायची असली की हा प्रसंग येतो.

मग तुम्ही म्हणाल, पाळी लावून द्यावी. सामाईक विहिरीवर आपण लावतोच की! एक दिवस थोरल्याचा, एक धाकट्याचा. पण धाकटा आठ दिवस जत्रेला गेला, तर त्याच्या पाळीला विहीर रिकामी आणि थोरल्याचा ऊस वाळतो आहे. बरं, पाळी नको. विहिरीवर फडकं बांधावं, फडकं नसेल तर पाणी घ्यावं. पण दोघेही पहाटे दोन वाटांनी आले, दोघांनीही फडकं नाही असं पाहिलं आणि दोघेही बांधायला निघाले. पुन्हा तीच फट. बरं, आधी फडकं बांधून मग दुसऱ्याचं आहे का ते पाहावं. तर दोघेही बांधून बसले आणि दोघेही म्हणतात, "आधी तुम्ही." विहीर भरलेली आणि दोन्ही शेतं कोरडी.

हे कोडं डाइक्स्ट्रांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे टाकलं, तेव्हा तेओडोरस डेकर या गणितज्ञानं ते सोडवलं. त्यांच्या तोडग्यात फडकंही आहे आणि पाळीही. पण पाळीचा उपयोग फक्त दोघे एकदम आले तरच. १९६५ साली डाइक्स्ट्रांनी दोनाऐवजी कितीही जण असले तरी चालेल असा तोडगा जेमतेम पानभर लेखात छापला. गणित म्हणून सुरेख, पण व्यवहारात एक दोष होता. ज्याला थांबायचं आहे तो स्वस्थ बसत नाही. तो सारखा विचारत राहतो, झालं का? झालं का? रेशनच्या रांगेतला एखादा उतावळा माणूस डोळ्यांपुढे आणा. संगणकात तर असं विचारण्यातही यंत्राचाच वेळ जातो.

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनला प्राध्यापक म्हणून गेले, आणि त्या सुमारास त्यांना ती युक्ती सुचली. कल्पना अगदी इवलीशी आहे. स्मरणात एक संख्या ठेवायची, जी शून्याखाली कधी जाणार नाही. तिच्यावर दोनच क्रिया करायच्या. पहिलीला त्यांनी 'पी' म्हटलं. संख्या शून्याहून मोठी असेल तर ती एकानं कमी कर आणि पुढे जा. शून्य असेल तर झोपून राहा. दुसरी 'व्ही'. काम संपलं की संख्या एकानं वाढव. कुणी झोपलेला असेल तर त्यातल्या एकाला उठव. आणि अट एकच, पण सगळा प्राण तिच्यात आहे: या क्रियांच्या मध्ये कुणालाही शिरता येता कामा नये. पाहणं आणि कमी करणं ही दोन कामं नव्हेत, ते एकच काम. टायरच्या यंत्रातून चकती काढण्यासारखं.

संख्या एकापासून सुरू केली की खतावणी एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती. तीनपासून सुरू केली की तीन छापयंत्रं कुणाही तिघांना वापरता येतात आणि चौथा झोपतो. झोपलेल्याला उगीच विचारत बसावं लागत नाही. त्याची वेळ झाली की त्याला उठवलं जातं.

ही दोन अक्षरं डच आहेत. सुरुवातीच्या टिपणात 'पी' म्हणजे ओलांडून जाणं आणि 'व्ही' म्हणजे मोकळं करणं, आणि ही परिभाषा रेल्वेच्या सिग्नलवरून घेतली असं तिथंच नमूद आहे. आणखी एका टिपणाला तर त्यांनी सिग्नलच्या खांबांविषयी असंच नाव दिलं. माझ्यापुरतं विचाराल तर नाव जरासं चुकलंच. खांबावरचा हात दहा जणांना एकदम दिसतो आणि दहाही जण निघू शकतात. डाइक्स्ट्रांनी जे घडवलं ते हातापेक्षा त्या कड्याच्या पिशवीतल्या गोळ्याच्या जास्त जवळचं आहे. पण नाव रुळलं ते रुळलं.

आइंडहोव्हनच्या तंत्रशाळेत एक्स-८ या यंत्रावर डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या पाचसहा जणांच्या मंडळीनं एक संपूर्ण कार्यप्रणाली या सेमाफोरांवर उभी केली. तिचं वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर वाचलं गेलं. अनेक कामं एकत्र चालूनही ती बरोबरच चालतील हे आधी कागदावर सिद्ध करता येतं, हा त्यातला खरा धाडसाचा भाग होता. मात्र सेमाफोर हे धारदार हत्यार आहे हेही लवकरच कळलं. 'व्ही' करायला कुणी विसरला की टोकन त्याच्या खिशातच. साऱ्या गाड्या उभ्या. एकाच्या हाती खतावणी आणि त्याला हवा शिक्का, दुसऱ्याच्या हाती शिक्का आणि त्याला हवी खतावणी, असं झालं की दोघेही जन्मभर बसून. म्हणून १९७० नंतर ब्रिंक हॅन्सन आणि टोनी होअर यांनी घेणं-सोडणं माणसाच्या आठवणीवर न ठेवता यंत्रणेवरच सोपवणाऱ्या पद्धती काढल्या.

इतकं सगळं छापून झाल्यावर पुढे चुका व्हायला नको होत्या. झाल्या. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं, कर्करोगावर किरणांचा मारा करणारं यंत्र. दोन तऱ्हांनी ते चाले. एका तऱ्हेत सौम्य झोत सरळ अंगावर. दुसरीत फार जोरदार झोत, पण मध्ये धातूचा अडसर. आधीच्या यंत्रात चुकीची जुळणी झाली तर झोतच अडवणारे यांत्रिक खटके होते. या नव्या यंत्रात ते काढून सगळा भार आज्ञावलीवर टाकला. तिच्यात एकाच वेळी चालणारी कामं एकाच जागेत लिहीत-वाचत होती, आणि जागा पाहणं व ती घेणं या क्रिया अखंड नव्हत्या. १९८६ च्या मार्च-एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी यंत्र चालवणाऱ्या बाईंनी एक अक्षर चुकीचं टंकलं आणि झटकन सुधारलं. सवयीचा हात, सगळं आठएक सेकंदांच्या आत. पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण आतल्या एका कामाला ती कळलीच नाही. जोरदार झोत अडसराविना रुग्णाच्या अंगावर गेला. असं तिथं दोनदा घडलं आणि ते दोन्ही रुग्ण पुढे दगावले. १९८५ ते १९८७ या काळात अशा जादा माऱ्याचे सहा प्रसंग उघडकीला आले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली त्यांची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. ती वाचताना नॉर्विचची ती बिनसहीची तार आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरा प्रसंग सुखरूप पार पडलेला, आणि तोही मंगळावर. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. दुरुस्तीला माणूस पाठवायची सोय नाही. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या जोडयंत्रावर तीच स्थिती घडवून आणली तेव्हा कोडं उलगडलं. या वेळी सेमाफोर होता. आपलं काम चोख करत होता. असं समजा, की तिजोरीची किल्ली शिपायाजवळ आहे आणि साहेब तिची वाट पाहत उभे आहेत. शिपाई किल्ली परत करायला निघतो, तोच मधले हेडक्लार्क त्याला आपल्या कामाला जुंपतात, कारण शिपायावर त्यांचा हुकूम चालतो. साहेब सर्वांत मोठे, पण खोळंबले ते सर्वांत धाकट्यापायी. यानावर हवामान मोजणारं काम म्हणजे तो शिपाई, आणि माहितीची ने-आण सांभाळणारं काम म्हणजे साहेब. साहेबांचं काम वेळेत झालं नाही असं पाहून राखणदार घड्याळ सगळा संगणकच नव्यानं सुरू करी.

यावरचा तोडगा ल्युई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोस्की यांनी १९९० सालीच मांडून ठेवला होता. साहेब ज्या किल्लीसाठी थांबले आहेत ती ज्याच्या हाती असेल, त्याला तेवढ्या वेळापुरता साहेबाचा दर्जा द्यायचा. मग हेडक्लार्कला त्याला अडवता येत नाही. ही सोय यानाच्या कार्यप्रणालीत होती, पण या सेमाफोरपुरती ती बंद ठेवलेली होती. ती सुरू करणारा बदल पृथ्वीवरून पाठवण्यात आला आणि संगणकाचं ते आपोआप बंद पडणं थांबलं. महिनाभर चालावं म्हणून बांधलेलं ते यान पुढे जवळजवळ दोन महिने माहिती धाडत राहिलं. त्याचा शेवटचा संदेश आला तो २७ सप्टेंबर १९९७ रोजी.